भट्टी निवेपर्यंत

कोलकात्यातल्या बेहालाच्या आमच्या खोलीत ‘ठीक आहे’ म्हणायला बंदी होती. फोनवर पलीकडचा माणूस ‘ठीक आछे, दादा’ म्हणाला की आमच्या खोलीच्या प्रमुखांचा आवाज चढायचा. “ठीक आछे हा काय आकडा आहे? तुला समोर काय दिसतंय ते सांग.” मग तो बिचारा पहिल्यापासून सांगू लागायचा. तापमान इतकं, दाब इतका, चिमणीतून धूर पातळ, वारा दक्षिणेचा. एवढं सगळं सांगून झाल्यावर सवयीनं म्हणायचाच, ‘बाकी शब ठीक आछे.’ की पुन्हा पहिल्यापासून.

मी त्या खोलीत कामाला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मोजमापाच्या यंत्रांचं शिक्षण घेतलेलं, गुण चांगले पडलेले, नाक वर. बालीगंजच्या आमच्या घरी मात्र माझी नोकरी काय आहे हे कुणाला धड सांगता येत नव्हतं. बाबा बँकेच्या बदलीनं इथं आले आणि इथंच राहिले. त्यांचे जुने सहकारी घरी आले की आई सांगायची, “हिची कोळशाची कंपनी आहे, पण हिनं कोळसा अजून पाहिलेला नाही.” हे अगदी खरं होतं.

कोळसा व्हायचा लांब, समुद्राच्या बाजूला, जिथं नारळ तिथं. करवंट्या बंद लोखंडी भट्टीत भरायच्या, हवा लागू न देता तापवायच्या, की त्यांचा कोळसा होतो. पुढे तो पाणी गाळायच्या यंत्रांत जातो. आम्ही काही जण बेहालात, मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या मजल्यावर, पडद्यांसमोर पाळीपाळीनं बसून त्या भट्ट्यांवर लक्ष ठेवायचो. कुठल्या भट्टीत किती उष्णता आहे, आत दाब किती आहे, ते सगळं इंटरनेटवरून क्षणाक्षणाला येत राहायचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भट्टीच्या दाराचं कुलूप. ते तिथल्या माणसाच्या हातात नव्हतं. ते आमच्या खोलीतून उघडायचं, आणि आमच्या खोलीतही फक्त प्रमुखांच्या परवानगीनं.

त्यांना सगळे ‘बर्गीदा’ म्हणत. मराठी घोडेस्वार कधी काळी बंगालात लुटालूट करून गेले, तेव्हापासून बर्गी हा शब्द इथं राहिला आहे. अजूनही आया त्या नावाची भीती घालून पोरांना झोपवतात. आमच्या या बर्गीनं आयुष्यात कुणाची काडी उचलली नसेल. घर मराठी, जन्म हावड्यातला, वडील रेल्वेत, शाळा बंगाली, तरुणपण हावड्यातल्याच एका ओतकामाच्या कारखान्यात गेलेलं. लग्न केलं नाही. बेहालातच एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि चालत कामावर यायचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली आणि कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड. चारचौघांत मीही त्यांना बर्गीदाच म्हणायचे. खोलीत आम्ही दोघंच असलो की काका.

दोघंच असलो की ते माझ्याशी मराठी बोलायचे, आणि ते मराठी ऐकायला मला प्रथम फार गंमत वाटायची. बाहेर बंगाली, कारखान्यात हिंदी, कागदावर इंग्रजी अशी त्यांची सगळी हयात गेली. मराठी त्यांच्याशी फक्त आईच बोलली होती, तेही बहुतेक स्वयंपाकघरात. त्यामुळे त्यांच्याजवळ मराठी होतं ते सगळं चुलीपुढचं. भट्टी थंड झाली असं ते म्हणत नसत, ‘निवली’ म्हणत. गॅस मंद करायला सांगायचा तर ‘आच उतरव’. आतला माल नीट जळला नसेल तर ‘कच्चट राहिलं गं’. एवढ्या मोठ्या पोलादी यंत्राविषयी साठीचा माणूस खिचडीविषयी बोलावं तसं बोलतोय, हे ऐकून मी पहिले काही दिवस हसू दाबत बसायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी डब्यातून एक उकडलेला बटाटा काढून माझ्या हातावर ठेवला. “कसा लागतोय हाताला?” मी म्हटलं, थंड. “मग खा.” मी घास घेतला आणि जीभ अशी भाजली की डोळ्यांत पाणी आलं. ते शांतपणे म्हणाले, “भट्टी अशी असते. वरून निवते, पोटात नाही. तिथला माणूस दाराला हात लावून सांगेल, दादा, गार झाली. तू उघडून दिलंस की आत हवा शिरेल आणि सगळा कोळसा एकदम पेट घेईल. दारात कोण उभा असेल? तू नसशील.” आता ते नाहीत, आणि नवीन येणाऱ्या मुलांना बटाटा मी देते. सगळेच जीभ भाजून घेतात.

भट्ट्यांजवळ कॅमेरे बसवलेले होते आणि त्यांचं चित्र आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. कंपनीला त्या पडद्याचा भारी अभिमान. बर्गीदांनी त्याच्यावर एक गमछा टाकून ठेवला होता. एकदा मोठे साहेब काही पाहुण्यांना आमची खोली दाखवायला घेऊन आले, तर भिंतीवर लाल चौकड्यांचा गमछा. साहेबांनी कपाळाला हात लावला. बर्गीदा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, चित्रात धूर दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि तोपर्यंत चित्र बघून सगळ्यांना वाटत राहतं की आपलं लक्ष आहे.” पाहुण्यांतले एक वयस्कर गृहस्थ हसले म्हणून नोकरी राहिली. पाहुणे गेल्यावर गमछा पुन्हा जागेवर.

मग ते बघायचे काय? ते काढायचे. तापमानाची रेघ पडद्यावर आपोआप उमटत असे, हवी तर छापूनही मिळत असे. तरी हा माणूस दर अर्ध्या तासानं पेन्सिलीला टोक करून तीच रेघ आलेखाच्या कागदावर स्वतःच्या हातानं पुढे नेत असे. प्रत्येक भट्टीचा वेगळा कागद. मी एकदा न राहवून म्हटलं, “काका, हे काम यंत्र करतंय ना?” ते म्हणाले, “यंत्राला कळतं. मला कळायला नको?” मी खांदे उडवले आणि माझ्या पडद्याकडे वळले.

त्यांचे नियम बरेच होते, पण एक सगळ्यांत कडक. ज्यानं भट्टी बंद केली त्यानंच ती उघडायची. करवंट्या कशा भरल्यात, कुठे दाटी झाली आहे, दाराची कुठली कड ओढून लावावी लागली, हे ज्यानं झाकलं त्यालाच माहीत असतं. भट्टी निवायला दीड दिवस लागो की दोन, तोवर त्या मिस्त्रीनं तिथून हलायचं नाही. हा नियम त्यांना कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. त्यांची आई भातावर झाकण ठेवून बाहेर गेली की घरातल्या कुणी ते काढायचं नाही, अशी घरची शिस्त होती. तीच त्यांनी भट्ट्यांना लावली, आणि त्या भट्ट्यांत गेल्या कित्येक वर्षांत एकदाही आग लागली नव्हती.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते वर्षातून एकदा दिसायचे, तेही महाप्रसादाच्या दिवशी आणि तेही मागच्या बाजूला, मसालेभाताच्या पातेल्याशेजारी. खुर्ची टाकून राखणीला बसायचे. एका वर्षी खजिनदारांच्या बायकोनं चव बघायला झाकण उचललं, तर हे पंगतीतल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. त्या बाई पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भात उत्तम झाला होता हे मात्र त्यांनीही कबूल केलं.

असा माणूस पाहिला की लोक त्याच्यामागे एखादी गोष्ट लावून देतात. आमच्याकडेही लावलेली होती: तरुणपणी त्यांच्या हातून घाईत भट्टी उघडली गेली, एक मजूर भाजला, तेव्हापासून हे असे झाले. मी एकदा धीर करून विचारलंच. ते माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिले. “काही झालं नाही गं. कधीच काही झालं नाही. कुणीतरी जळाल्याशिवाय माणूस काळजी घेत नाही, असं तुम्हाला का वाटतं?” मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

त्यांचं सगळ्यांत जास्त बोलणं व्हायचं ते निताईशी. काकद्वीपच्याही पुढे खाडीच्या काठी आमच्या दोन भट्ट्या होत्या आणि निताई तिथला थोरला मिस्त्री. अकरा वर्षं दोघं रोज फोनवर बोलत होते आणि एकमेकांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बर्गीदा कुठल्याच भट्टीवर जात नसत. म्हणायचे, “तोंड पाहिलं की नाही म्हणणं जड जातं.” निताई तापमान सांगता सांगता भरती केव्हा आली ते सांगायचा, मुलीच्या शाळेतल्या बाईंच्या तक्रारी सांगायचा, आज जाळ्यात खेकडे किती निघाले ते सांगायचा. हे इकडून दरडावायचे, “मी भट्टीचं विचारलं, खेकड्यांचं नाही.” फोन मात्र ठेवायचे नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर मला मराठीत म्हणायचे, “पोरगी गणितात नापास झाली त्याची. त्याला म्हटलं, तीनशे अंश, दोनशे अंश हेच शिकव तिला.”

आता जे सांगायचं आहे ते माझ्याविषयी आहे, आणि ते सांगताना मला अजूनही जड जातं.

दुर्गापूजेचे दिवस होते, षष्ठीची दुपार. खाली रस्त्यावर ढाक वाजत होते, आमच्या जिन्यापर्यंत मंडपाचे बांबू आलेले. काकद्वीपची एक भट्टी आदल्या दिवशी निताईनंच बंद केली होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची होती. एकच्या सुमाराला बर्गीदा डबा घेऊन जिन्यात जेवायला गेले. खोलीत अन्नाचा वास नको म्हणून ते नेहमी जिन्यातच जेवत. तेवढ्यात निताईचा फोन आला. दादा जेवायला गेलेत असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, “दीदी, गावाहून निरोप आलाय. आईचं काही खरं नाही. शेवटची नाव पाचला सुटते. दादांना एवढं सांगा, भट्टी लवकर उघडू द्या म्हणावं.”

मी म्हटलं, सांगते.

त्या आठवड्यात दोघा मिस्त्रींच्या आया आधीच आजारी पडून झाल्या होत्या. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये मागून दुकानदाराचा साडीचा भाव ऐकू येत होता. पूजा आली की सगळ्यांनाच घरी जायचं असतं. शिवाय बर्गीदांसमोर कारण घेऊन गेलं की ते काय म्हणतात हे मला पाठ होतं: ‘कारण सांगू नकोस, तापमान सांग.’ निताईच्या वाट्याचं बोलणं मी का खायचं? त्यावेळी माझ्या मनात एवढंच आलं. याहून मोठं काही आलं असतं तर आज मला स्वतःला माफ करायला बरं पडलं असतं.

ते हात पुसत आत आले. “कुणाचा फोन होता गं?”

“काकद्वीपचा. ठीक आहे सगळं.”

“ठीक आहे म्हणजे?”

मी पडद्यावर बघून तापमान वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल उचलली.

अडीच वाजता ती पेन्सिल थांबली. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कागद दाखवला. गेल्या तासाभरात तापमान भराभर उतरलं होतं आणि रेघ आली होती सरळ, पट्टीनं मारावी तशी. “निवताना असं होत नाही,” ते म्हणाले. “आधी भराभर उतरतं, मग रेंगाळतं. सरळ रेषेत कुणीच निवत नाही, माणूससुद्धा नाही. हे कुणीतरी हातानं ओढलेलं आहे.” भट्टीच्या पोटात एक नळी असते आणि त्या नळीत तापमान मोजणारी तार. ती तार कुणी बोट बोट वर ओढत गेलं तर इथं आम्हाला भट्टी निवताना दिसणार. असं करायला धीर लागतो आणि हात चांगला लागतो. तसा हात तिथं एकाचाच होता.

त्यांनी फोन लावला. “निताई, तार नळीत किती आत आहे?”

मग निताईचा आवाज मलाही ऐकू आला, कारण तो रडायच्या बेतात होता. “दादा, ओढली मी. ऐका दादा, माझी...”

“कारण नको. तार आत घाल आधी. पूर्ण आत. आणि तापमान सांग.”

पाच मिनिटांत पडद्यावरची रेघ उभी चढली आणि दोनशेच्या वर जाऊन थांबली. बर्गीदांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. “हा दार उघडून आत डोकावणार होता,” ते म्हणाले. “रोज डोकावतो तसा.” त्यांनी कुलूप उघडलं नाही, आणि हे त्यांचं बरोबरच होतं. त्या दुपारी उघडलं असतं तर निताई उरला नसता. घड्याळात तेव्हा पावणेतीन वाजले होते. तेव्हा जरी मी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. मी मूग गिळून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी निवली, निताईनं ती उघडली, माल चोख निघाला. तो गावी पोचला तेव्हा दुपार झाली होती. आई आदल्या दिवशी संध्याकाळीच गेली होती.

आम्हाला हे कळलं पूजा संपल्यावर, तिथल्या दुसऱ्या एका मिस्त्रीकडून. बर्गीदांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “मला एका शब्दानं सांगायचं ना त्यानं. एक शब्द.” त्या दिवशी ते असं तीनचारदा म्हणाले, आणि पुढेही मधूनमधून, कामात असतानाच. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी मी पुढ्यातलं काहीतरी करू लागायचे. जितके दिवस जास्त गेले तितकं ते जास्त अशक्य झालं.

निताई रजेवरून परत आला आणि रोजच्यासारखा फोन करू लागला. फक्त आता तो नियमाप्रमाणे बोलत होता. तापमान, दाब, धूर, वारा. भरती नाही, खेकडे नाहीत, मुलगी नाही. वाक्याच्या शेवटी ‘दादा’ही नाही. ‘ठीक आछे’ तर त्याच्या तोंडून पुन्हा कधी आलंच नाही. त्यांना जसं हवं होतं अगदी तसं. आकडे सांगून झाले की निताई फोन ठेवून द्यायचा, आणि इकडे बर्गीदा रिसीव्हर कानाला तसाच धरून थोडा वेळ बसायचे. मी शेजारच्या खुर्चीवरून ते बघायचे. दोन महिने मी ते बघितलं.

जानेवारीत एका सकाळी ते मला म्हणाले, “चल, काकद्वीपला जाऊन येऊ. तू बरोबर ये. मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत, तू असलीस म्हणजे बरं.” ज्या माणसानं आमच्या एकाही भट्टीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बेहालातूनच बस मिळते. तीन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी शंभर वेळा तोंड उघडायचं ठरवलं आणि खिडकीबाहेर विटांच्या भट्ट्या मोजत राहिले.

कोळसा मी तिथं पहिल्यांदा पाहिला. ढिगानं पडलेला, करवंटीचा आकार अजून न मोडलेला, उचलला तर काचेसारखा वाजणारा. माणसं कमरेपासून वर काळी. निताई आवाजावरून मला आडदांड वाटायचा, पण तो लहानखुरा निघाला. आईच्या श्राद्धाला काढलेले डोक्याचे केस अजून पुरते वाढलेले नव्हते. त्यानं हात जोडले, आमच्यासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या आणि स्वतः उभा राहिला. त्याच्या पाठीमागे ती भट्टी होती. बर्गीदांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“निताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी कुलूप उघडलं नाही, ते आजही उघडणार नाही. पण मी तुला बोलू दिलं नाही. ते माझं चुकलं. तेवढं सांगायला आलोय.”

निताई खाली बघत होता.

“पण तूही आधी सांगायचं होतंस. दुपारी एक फोन करायचास. मला एका शब्दानं सांगायचं.”

“केला होता, दादा,” निताई म्हणाला. ‘दादा’ म्हणाला. “तुम्ही जेवायला गेला होता. दीदींना सांगितलं होतं मी.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बोलायचं होतं ते मलाच, आणि मी पायाजवळच्या कोळशाच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग बर्गीदांचा आवाज आला, नेहमीचाच, तापमान वाचल्यासारखा.

“हो. हिनं सांगितलं होतं मला. मीच लक्ष दिलं नाही.”

मी त्या माणसाबरोबर चार वर्षं काम केलं होतं आणि एका अंशाचं खोटं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. निताईनं मान वर केली. इतके दिवस त्याला वाटत होतं की दादांना कळलं नाही, किंवा निदान कळलं नसावं. आता त्याला कळलं होतं की आई मरायला टेकली आहे हे माहीत असून या माणसानं फोनवर ‘कारण नको’ म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तो हळूच ‘अच्छा’ म्हणाला, जाऊन दोन शहाळी सोलून घेऊन आला, आणि एक त्यांच्यापुढे धरून परक्या साहेबाला म्हणावं तसं म्हणाला, “घ्या, स्यार.”

शहाळं पिऊन झाल्यावर बर्गीदांनी त्याला भट्टीच्या दाराच्या कडेविषयी दोन प्रश्न विचारले. त्यानं दोन्हींची उत्तरं दिली. मग आम्ही निघालो. निताई फाटकापर्यंत सोडायला आला, कारण पाहुण्यांना तसं सोडतात.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि ते माझ्या शेजारी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही मला लाज वाटत होती. शेवटी त्यांनीच समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत विचारलं, “तुला काय वाटलं गं? मी ओरडेन?”

“हो,” मी म्हटलं.

“ओरडलोच असतो.” ते म्हणाले. “खूप ओरडलो असतो. मग त्याला म्हटलं असतं, जा तू. दुसऱ्या मिस्त्रीला बसवलं असतं तिथं. भट्टीला काय गं, ती आपली आपण निवत असते. तिला कुठे निताई हवा होता.”

“आणि तुमचा नियम?”

“तो माझ्या आईचा,” ते म्हणाले. “माझी आई आजारी असती तर तिनंसुद्धा भातापाशी बसायला लावलं नसतं कुणाला.”

“मग आज खोटं का बोललात?”

त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा दांड्याकडे बघू लागले. बस कुठल्याशा बाजाराच्या गावात शिरत होती. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, आणि समोरच्या बाजूला काकद्वीपची बस माणसं भरत उभी होती. मी उठले.

“कुठे?”

“परत. निताईकडे. त्याला सांगते की तुम्हाला मी काही सांगितलंच नव्हतं.”

ते मला ‘खाली बस’ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी गुडघे बाजूला घेतले आणि मला जायला वाट करून दिली.